मिरवणुकीपुढची गाडी

आबांचे पांढरे बूट गाडीपाशी येऊन थांबले, तेव्हा मी गाडीच्या पोटाखाली उताणी पडले होते. छातीवर पाना, डोळ्यांत गंजाचा भुगा आणि नाकासमोर वीतभर अंतरावर इंजिन.

“रेवतीबाई कुठं आहेत?” आबांनी विचारलं.

बाबालाल मिस्त्रींनी हातातल्या फडक्यानं गाडीखाली खूण केली. “खाली हायत, साहेब,” ते म्हणाले.

बूट जरासे मागं सरकले. आबा गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि चाकाच्या मागून त्यांचा चेहरा दिसला. मला वाटलं, आता संतापतील. ते हसले.

“शोभतंय,” ते म्हणाले. “अरे तानाजी, फोटो घे. नवऱ्याच्या गाडीखाली बायको. लोकांना हे आवडतं.”

तानाजी म्हणजे आबांचा पीए. त्यानं खाली बसून फोटो काढला. मी हसले की काय केलं आठवत नाही. तो फोटो संध्याकाळपर्यंत तालुक्यातल्या प्रत्येक मोबाईलवर पोचला होता. एक माझा सोडून. माझा मोबाईल तानाजीकडंच असायचा. “लोक दुःख विचारून विचारून हैराण करतात, तुम्हाला शांतता हवी,” असं आबांनी ठरवलं होतं.

आबा म्हणजे शहाजीराव, माझे थोरले दीर. तालुक्यातला दूध संघ त्यांचा, कॉलेज त्यांचं, आणि तहसील कचेरीत पंख्याखालची खुर्ची आधी त्यांना. रणधीर त्यांचा धाकटा भाऊ. माझा नवरा. त्या वर्षीच्या पावसाळ्यात तो डेंग्यूनं गेला. हिवाळ्यात निवडणुका लागल्या आणि आमचा जिल्हा परिषदेचा गट महिलांसाठी राखीव निघाला. त्याच रात्री दिवाणखान्यात आबांनी मला बोलावलं. सात-आठ पुरुष बसले होते. “उमेदवार तुम्ही. तुमची काही हरकत?” आबांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली, आणि ती होकारार्थी धरली गेली.

खरं तर सगळ्यांना वाटलं होतं की उभ्या राहतील त्या शालनअक्का. आबांच्या पत्नी, माझ्या थोरल्या जाऊ. पंधरा वर्षं गावोगावचे बचत गट त्यांनी बांधले होते. कुणाच्या घरात कोण बाळंत झालं, कुणाची म्हैस आटली, हे त्यांना तोंडपाठ. त्या दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या तेव्हाच कुणीतरी त्यांचं नाव काढलं. आबा म्हणाले, “तिचा नवरा जिवंत आहे. लोक रडणार कुणासाठी?”

सगळे हसले. अक्कांनी चहा दिला आणि आत गेल्या. त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतंही बोलेनाशा झाल्या. त्यांचं काही चुकतंय असं मला वाटत नव्हतं.

मला जायचं होतं. मी शिकलेली फिजिओथेरपिस्ट, बेळगावात माझी मैत्रीण वीणा दवाखाना चालवत होती आणि ये म्हणत होती. एकदा मी सरळ आवरून निघाले. ड्रायव्हर हायवेपर्यंत गेला, फोनवर दोन शब्द बोलला आणि गाडी वळवून घरी आणली. कुणी रागावलं नाही. आबा जेवताना इतकंच म्हणाले, “सांगायचं होतं, मी सोबत माणूस दिला असता.” सोलापूरच्या माझ्या भावाला सांगितलं, तर तो म्हणाला, “अगं, असं आयुष्य कुणाला मिळतं!” त्याला आबांच्या ओळखीनं रस्त्याचं काम मिळालेलं होतं. निवडणूक झाली की पाच वर्षं, आणि पाच वर्षांनी आबा म्हणतील तेवढी आणखी. रात्री गेटची साखळी ओढल्याचा आवाज आला की मला झोप लागत नसे.

गाडी रणधीरची होती. एकोणसत्तर सालची अमेरिकन मस्टँग, हैदराबादच्या कुठल्याशा गोडाऊनमधून ट्रकवर घालून आणलेली. स्टेअरिंग डावीकडं, बॉनेट लांबलचक. लग्नानंतर मला दवाखाना काढून द्यायचं ठरलं होतं, तो काही निघाला नाही. मग माझे रिकामे हात या गाडीला लागले. रणधीर खाली असायचा, मी बॅटरी धरायची. पुढं पुढं मी खाली आणि तो बॅटरी धरायचा. आजारी पडण्याआधी त्यानं शेवटचं काही मागवलं असेल तर हे हेडर. कंपनीनं इंजिनाला धूर बाहेर टाकायला दोन्ही अंगांना बिडाचा एकेक ओबडधोबड डबा दिलेला असतो, चार-चार सिलिंडर त्यात कोंडतात. हेडर बसवले की प्रत्येक सिलिंडरला स्वतःची वेगळी नळी मिळते, चार या अंगाला, चार त्या अंगाला. इंजिन मोकळं होतं आणि आवाज दणकून फुटतो. खोकं तसंच पत्र्याच्या शेडमध्ये पडून होतं. ते आबांच्या नजरेस पडलं.

“हे बसवल्यावर आवाज वाढतो ना?”

“वाढतो.”

“मग बसवून घ्या. अर्ज भरायच्या दिवशी रणधीरची गाडी मिरवणुकीच्या पुढं पाहिजे. चार गावांना ऐकू गेलं पाहिजे.”

म्हणून कोल्हापुरातून बाबालाल शिकलगारांना आणलं. साठीचे, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं कमी. दोन दिवसांचं काम म्हणून आले होते ते आठवडा झाला तरी आमच्या मळ्यातल्या घरीच होते. डाव्या बाजूचा हेडर काही केल्या जाईना. वरून घातला तर ब्रेकच्या डब्याला अडे, खालून घातला तर स्टेअरिंगच्या दांड्याला. शेवटी स्टार्टर काढला, दांडा सोडवला, इंजिनाचे पाय ढिले करून जॅकनं ते दोन बोटं उचललं, तेव्हा कुठं तो नळ्यांचा गुंता तिरका होऊन आत शिरला. मागचे दोन बोल्ट मात्र अशा सांदीत होते की तिथं मिस्त्रींचा पंजा जाईना. माझा जायचा. म्हणून मी खाली.

फोटोच्या आदल्या दिवशीच मी त्यांना विचारलं होतं. शेडमध्ये दोघंच होतो.

“मिस्त्री, काम संपलं की तुम्ही तुमच्या टेम्पोतूनच जाणार ना?”

“व्हय.”

“मला न्याल? मागं, ताडपत्रीखाली. कोल्हापूरपर्यंत.”

त्यांनी हातातला पाना पुसला, पुसतच राहिले.

“ताई, गेटवर ताडपत्री उचलून बघत्यात. येताना बी बघितली. तुमी घावला तर तुमाला परत घरात नेतील.” चष्मा काढून ते म्हणाले, “मला कुठं नेतील?”

मी पुन्हा गाडीखाली गेले. तिथं अंगावर नळ्या आणि पाठीखाली फरशी. कूस बदलायला जागा नाही. मला तिथंच बरं वाटायला लागलं होतं, निदान कुणाला दिसत नव्हते.

फोटोवरून आबांना एक कल्पना सुचली. सकाळी ते शेडमध्ये आले ते खुशीतच. “रेवतीबाई, ही गाडी तुम्हाला चालवता येते?”

“येते. कंपाउंडात चालवलीये.”

“मग मिरवणुकीत तुम्हीच चालवायची. ड्रायव्हर नको. मी शेजारी बसतो, तानाजी मागं. तहसील कचेरीपर्यंत तुम्ही नवऱ्याची गाडी चालवत आणायची, उतरायचं, आणि कॅमेऱ्यांसमोर सही करायची. डोळ्यांत पाणी आलं तर पुसायचं नाही.”

“बरं,” मी म्हणाले.

त्या दिवसापासून मी मिस्त्रींना वेगळंच काहीबाही विचारायला लागले. टाकी किती लिटरची. संथ मिरवणुकीत गाडी तापेल का, आणि तापली तर पुढं किती वेळ धावेल. घाटात दम तोडेल का. आबा एकदा तिथंच उभे होते. “सगळं नीट समजून घेतात,” ते कौतुकानं म्हणाले. “हां साहेब,” मिस्त्री म्हणाले, आणि मला उत्तरं देताना ते प्रत्येक वेळी दुसरीकडं बघत.

“चौकात गाडी बंद पडली तर हसू होईल,” मी आबांना म्हणाले. “टाकी गच्च भरून ठेवू.” त्यांनी लगेच माणूस पाठवून डिझेल-पेट्रोलचे कॅन आणवले. पेट्रोलचा कॅन कुठला ते मी स्वतः हुंगून बघितलं.

काम संपलं त्या दुपारी आम्ही गाडी चालू केली. आधी नव्या नळ्यांवरचा रंग जळून दोन्ही बाजूंनी पांढरा धूर निघाला, मग इंजिन धडधडलं आणि पत्र्याचं शेड वाजायला लागलं. उसातले बगळे उठले. कामगार धावत आले. मी कंपाउंडात चार फेऱ्या मारल्या; गेट बंदच होतं, दर फेरीला ते समोर यायचं आणि मी वळायची.

थांबले तर शालनअक्का शेडच्या दाराशी उभ्या. कणकेचे हात तसेच. कितीतरी दिवसांनी त्या माझ्याशी बोलल्या.

“हिला दारं किती?”

“दोनच.”

“मग मागं बसलेला माणूस उतरणार कसा?”

“पुढचा उतरला की त्याची सीट पाडायची. मग मागचा उतरतो.”

“म्हणजे पुढचा बसून असेपर्यंत मागचा अडकलेला.”

“हो.”

“असली कसली गाडी,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

अर्ज भरायच्या दिवशी सकाळी मिस्त्री निघायच्या तयारीत होते. मी आंघोळ करून पांढऱ्या साडीत आले. साडी आबांनी निवडली होती. मिस्त्रींनी बॉनेट पुसलं, लावलं आणि हळूच म्हणाले, “नवीन पॅकिंग हाय. तापून गार झालं की बोल्ट ढिलं पडत्यात. डाव्या बाजूनं टिकटिक आली तर थांबायचं, गार होऊ द्यायचं, परत आवळायचं.”

“तहसीलपर्यंतच तर जायचंय.”

“व्हय की,” ते म्हणाले. “तुमच्या सीटखाली पाना ठेवलाय. असू द्या.” आणि टेम्पोकडं गेले. गेटवर ताडपत्री उचललेली मी बघितली.

मिरवणूक दहाच्या सुमारास निघाली. पुढं हलगी, मागं जीपगाड्या, ट्रॅक्टर, माणसं. मी पहिल्या गिअरमध्ये, पाय क्लचवर आखडलेला. आबा शेजारी बसून दोन्ही बाजूंना हात जोडत होते. मागं तानाजी अंग चोरून बसला होता, माझी पर्स त्याच्या मांडीवर. बायका काचेशी येऊन माझ्या गालांना हात लावायच्या आणि खरोखर रडायच्या. मलाही रडू येत होतं. पण ते रणधीरसाठी की कशासाठी, कळत नव्हतं. मी एकच गोष्ट बघत होते. तहसील कचेरी चौकाच्या डाव्या हाताला. आणि समोर सरळ गेलं की पूल, आणि पुलापलीकडं हायवे. आबा दारातून खाली उतरतील तो क्षण कचेरीच्या आवारातच येणार होता, आणि त्या आवाराला एकच फाटक. तिथं शिरलं की संपलं. त्याआधी या दोघांना गाडीतून कसं उतरवायचं, हे मला अजून सुचलेलं नव्हतं.

चौकात रस्ता अडवून बायका उभ्या होत्या. बचत गटाच्या, शंभरेक तरी. सगळ्यांच्या पुढं शालनअक्का, हातात ताट, निरांजन पेटलेलं. मी थांबले. अक्का आबांच्या बाजूला आल्या.

“उतरा. ओवाळायचंय.”

“मला कशाला?” आबा म्हणाले. “रेवतीबाईंना ओवाळा. उमेदवार त्या आहेत.”

“तिला कसं ओवाळायचं?” अक्का म्हणाल्या. मोठ्यानं. चौकाला ऐकू जाईल असं.

हलगी थांबली होती. माझे कान गरम झाले. विधवेला ओवाळत नाहीत हे कुणी मला सांगायची गरज नव्हती. पण भर चौकात, माझ्या तोंडावर, माझ्याच नावानं काढलेल्या मिरवणुकीत! मी स्टेअरिंगकडं बघत राहिले. आबांना ते आवडलं नाही, पण कॅमेरे होते, बायका होत्या. ते दार उघडून उतरले.

“तानाजीभाऊ, तुम्ही पण या,” अक्का म्हणाल्या. “घरचेच आहात.” त्यांनी स्वतः वाकून पुढची सीट पाडली. तानाजी पर्स सीटवर ठेवून बाहेर आला. अक्कांनी सीट सरळ केली आणि दार लोटलं. माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बायकांनी ताटं पुढं केली आणि आबांच्या भोवती त्यांचं कडं झालं.

गाडीत मी एकटी होते.

दुसऱ्या गिअरपर्यंत काय झालं ते मला सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की मी ॲक्सिलरेटर दाबला, आठ नळ्यांतून एकदम आवाज फुटला आणि समोरची माणसं दोन्हीकडं सरली. त्यांना तो मिरवणुकीतलाच प्रकार वाटला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. टाळ्या पडल्या. कचेरीचं फाटक डावीकडून मागं गेलं, तिथं हार घेऊन उभा असलेला माणूस हात हलवत राहिला. पूल आला. आरशात कुणी धावत येतंय का, हे बघायचं मला धाडस झालं नाही.

हायवेवर आवाज एवढा होता की लोक ट्रकमधून वाकून बघत. अशी गाडी लपवायची कुठं? प्रत्येक पांढरी जीप मला आबांची वाटत होती. निपाणीच्या अलीकडं डाव्या बाजूनं टिकटिक सुरू झाली. एका बंद पडलेल्या धाब्याच्या मागं मी गाडी नेली, बॉनेट उघडलं आणि इंजिन गार व्हायची वाट बघत बसले. सीटखाली पाना होता, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला. मागचे दोन बोल्ट हातानं चाचपडत आवळले. बोटं भाजली. पांढऱ्या साडीवर काळे डाग पडले. तासभर तिथं होते मी, आणि तो तास गेटच्या आतल्या सगळ्या महिन्यांपेक्षा मोठा वाटला, कारण आता कुणीही आलं असतं तर मला पळायला वाव होता आणि मी बसून होते.

कुणी आलं नाही.

बेळगावात पोचल्यावर वीणाच्या फोनवरून मी आबांना फोन केला. गाडी रेल्वे स्टेशनबाहेर लावलीये, किल्ली समोरच्या पेट्रोल पंपावर आहे, घेऊन जा, असं सांगितलं.

“परत या,” आबा शांतपणे म्हणाले. “कुणी एक शब्द बोलणार नाही.”

“मी येत नाही, आबा.”

त्यांनी फोन ठेवला. मला न्यायला कुणी का आलं नाही, ते दुसऱ्या दिवशी पेपर वाचून कळलं. मुदत संपायला अर्धा तास असताना शालनअक्कांनी अर्ज भरला होता. चौकातच त्यांनी माईक हातात घेऊन सांगितलं होतं की धाकटी जाऊ दुःखानं खचली, तिच्या जागी मी उभी राहते, आणि बायकांनी त्यांना तसंच उचलून कचेरीत नेलं होतं. आता मला ओढत आणलं असतं तर ती गोष्ट खोटी पडली असती. अक्का मोठ्या मताधिक्यानं निवडून आल्या.

भर चौकातलं ते वाक्य मात्र मी विसरले नाही. तिला कसं ओवाळायचं. चार वर्षांत माझा स्वतःचा दवाखाना झाला, बेळगावची भाषा तोंडात बसली, पण अक्कांची आठवण आली की ते वाक्यच आधी यायचं.

मग एका सकाळी त्या दवाखान्यात आल्या. सौंदत्तीला देवीला जाते असं सांगून निघाल्या होत्या. थकल्या होत्या. डावा खांदा पार आखडला होता. मी तपासलं, शेक दिला. बराच वेळ आम्ही कामाचंच बोललो.

“अक्का, त्या दिवशी चौकात...”

“लागलं ना तुला?”

“लागलं.”

“लागायलाच हवं होतं. तुझं तोंड उतरलं, म्हणून त्यांना खरं वाटलं.”

माझा हात त्यांच्या खांद्यावर तसाच राहिला.

“मला आधी सांगायचं होतं, अक्का.”

“सांगितलं असतं तर तू माझ्याकडं बघितलं असतंस. तू बघितलंस की त्यांनी बघितलं असतं.” त्यांनी उजव्या हातानं पदर सावरला. “आणि मी काही नुसतं तुझ्यासाठी नाही केलं. मला पण त्या घरातनं बाहेर पडायचं होतं. मला वाटलं, निवडून आले की पडेन.”

“मग?”

“मग काय. सह्या करते. कुठं करायच्या तिथं आबा पेन्सिलीनं खूण करून ठेवतात.”

मी शेकाची पिशवी बाजूला ठेवली. त्यांना भिंतीपाशी उभं केलं. डावा पंजा भिंतीवर ठेवायचा आणि बोटांनी एक एक पाऊल टाकल्यासारखं वर चढायचं, रोज थोडं थोडं, असा तो व्यायाम असतो. खांद्याच्या उंचीला त्यांची बोटं अडली. कपाळावर घाम आला. बाहेर त्यांच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, जरा वेळानं पुन्हा वाजवला.

“जायचं का अक्का? पुढच्या वेळी करू.”

“थांबू दे त्याला,” अक्का म्हणाल्या, आणि दात आवळून त्यांनी मधलं बोट आणखी एक पेर वर सरकवलं.